एक तालुका निवडला की रिपोर्ट येतो, दोन निवडले की कोरा: मल्टी-व्हॅल्यू पॅरामीटर कसा तपासायचा

जळगाव-धुळे पट्ट्यात बियाणं-खतांचे होलसेलवाले, जिनिंग, पतसंस्था यांचे रिपोर्ट बनवून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि या सगळ्या काळात सगळ्यात जास्त फोन ज्या एका बिघाडासाठी आले तो हाच. रिपोर्टच्या वर ड्रॉपडाऊन असतो (एकापेक्षा जास्त निवडता येणारा, हाच मल्टी-व्हॅल्यू पॅरामीटर), त्यात तालुक्यांना टिक करायची, व्ह्यू रिपोर्ट दाबायचं. एक टिक केली तर सगळं छान. दोन केल्या की गडबड. मृगाच्या आधी कपाशीच्या बियाण्याची विक्री जोरात असते तेव्हा तर रोज फोन. एकदा धुळ्याच्या एका ऑफिसातून अकाउंटवाल्याचा सकाळी साडेआठला फोन आला, "रिपोर्ट कोरा ई राहिना भाऊ," आणि मागून नाना विचारताय की शिरपूरचा आकडा कुठंय.

मी जे लिहितोय ते एसएसआरएस म्हणजे एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेसबद्दल आहे, इकडे बहुतेक ठिकाणी तेच आहे. फॉर्म्युले देवनागरीत लिहिलेत, टूलमधे अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने टाकायचे.

आधी लक्षणं बघा, तुमचं कोणतं आहे

एक व्हॅल्यू निवडली की डेटा येतो, दोन किंवा जास्त निवडल्या की रिपोर्ट पूर्ण कोरा, एररही नाही. हे सगळ्यात कॉमन.

चार तालुके निवडले तरी डेटा फक्त पहिल्याचाच येतो.

हेडरमधे निवडलेल्या तालुक्यांची नावं यायला पाहिजे तिथे हॅश-एरर दिसतं.

सिलेक्ट ऑल केलं तर यादीतले शेवटचे तालुके गायब, किंवा तालुके सगळे दिसतात पण एकूण बेरीज टॅलीच्या बेरजेपेक्षा कमी.

रिपोर्ट उघडल्यावर सगळं आधीच टिक असायला पाहिजे, डिफॉल्ट दिलेलं आहे, तरी ड्रॉपडाऊन रिकामा.

जो तालुका निवडलाच नाही त्याची रांग रंगवलेली दिसते, किंवा त्याचा कॉलम उघडा राहतो.

तुमच्या लॅपटॉपवर प्रिव्ह्यूमधे बरोबर, सर्व्हरवर चुकीचं.

दोन निवडले की सिंटॅक्स एरर, स्वल्पविरामाच्या जवळ काहीतरी चुकलंय असं सांगणारी.

आता काही हात लावायच्या आधी रिपोर्टच्या फाईलची, म्हणजे आरडीएलची, एक कॉपी तारीख टाकून बाजूला ठेवा. दोन मिनिटाचं काम आहे पण घाईत कोणी करत नाही आणि मग परत कुठून सुरवात केली होती तेच सापडत नाही.

सगळ्यात आधी: काय निवडलंय ते रिपोर्टवरच छापा

क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) उघडू नका, प्रोसिजर (डेटाबेसमधेच लिहून ठेवलेली क्वेरी) उघडू नका, सर्व्हरवाल्याला फोन लावू नका. रिपोर्टच्या बॉडीत वर एक टेक्स्टबॉक्स टाका आणि त्यात हे लिहा:

="[" & जॉइन(पॅरामीटर्स!तालुका.व्हॅल्यू, "][") & "] एकूण " & पॅरामीटर्स!तालुका.काउंट

याला पैसे लागत नाही, पाच मिनिटं लागतात, आणि माझ्या अनुभवात अर्ध्याहून जास्त वेळा इथेच दोष दिसतो. कारण साधं आहे. मल्टी-व्हॅल्यू पॅरामीटरची व्हॅल्यू ही एक व्हॅल्यू नसतेच, ती अॅरे असते, म्हणजे व्हॅल्यूंची यादी, आणि आपण तिला एकच समजून सगळीकडे वापरतो. हेडरमधे हॅश-एरर येतो तो याच्यामुळे, अख्खा अॅरे टेक्स्टबॉक्सला देऊन टाकलेला असतो, त्याला जॉइन लावलं की तो एरर तिथेच संपला. माणसांना दाखवायचं असेल तर व्हॅल्यूच्या जागी लेबल लिहा, म्हणजे कोडऐवजी नाव येईल, पण तपासायला नेहमी व्हॅल्यूच छापायची कारण क्वेरीकडे व्हॅल्यूच जाते, लेबल जात नाही.

आणि चौकोनी कंस का, तर स्पेस दिसाव्यात म्हणून. एका ठिकाणी दोन तास क्वेरी बघत बसलो होतो, मग हा टेक्स्टबॉक्स टाकला तर बाकी सगळे [यावल][रावेर] असे नीट आणि मधेच [चोपडा   ] असा. चोपड्याच्या मागे तीन स्पेस. तालुक्यांची यादी कोणीतरी एक्सेलमधून ओढून टाकली होती आणि त्या सेलमधे त्या स्पेस होत्या. गंमत बघा, एसक्यूएल सर्व्हर बरोबरच्या तुलनेत मागच्या स्पेस धरतच नाही, म्हणून क्वेरीत चोपड्याचा डेटा बरोबर येत होता, पण रिपोर्टच्या आतल्या तुलनेत त्या स्पेस मोजल्या जातात, म्हणून रंग लागत नव्हता आणि डिफॉल्टला टिक होत नव्हती. पुढे स्पेस असली तर मात्र क्वेरीतसुद्धा जुळत नाही. कॉलम कॅर टाइपचा असेल तर मागे स्पेस भरलेल्याच असतात, तिथे यादीच्या क्वेरीतच आरट्रिम लावून टाका.

एकूण किती ते काउंट पण बघा. तुम्ही चार टिक केल्या आणि बॉक्समधे चार नावं, एकूण 4 आलं तर पॅरामीटर बरोबर आहे, दोष पुढे आहे. एकच आलं तर त्या पॅरामीटरच्या प्रॉपर्टीत अलाउ मल्टिपल व्हॅल्यूजची टिक आहे का ते बघा, किंवा हा रिपोर्ट दुसऱ्या रिपोर्टमधून उघडतोय आणि तिकडूनच एक येतंय. हा बॉक्स बाकीचं सगळं होईपर्यंत काढू नका, खालच्या प्रत्येक तपासणीत तो लागतो.

शून्याचा कंस

बॉक्समधे चार आहेत आणि डेटा पहिल्याचाच येतोय, तर हा दोष ठरलेला. एक्सप्रेशनच्या खिडकीत जाऊन आपण पॅरामीटरच्या नावावर डबल-क्लिक करतो, तेव्हा टूल आपणहून व्हॅल्यूच्या पुढे कंसात शून्य लावून देतं. व्हॅल्यू(0). म्हणजे अॅरेतली पहिली. कोणाच्या लक्षात येत नाही कारण एररच येत नाही, आणि टेस्ट करताना आपण एकच तालुका निवडून बघतो तेव्हा बरोबर येतं.

तीन जागा बघायच्या: डेटासेटच्या (क्वेरी आणि तिचा डेटा) प्रॉपर्टीतला पॅरामीटर्सचा टॅब, फिल्टर्सचा टॅब (टेबलाचा फिल्टर वेगळा असतो, तोही बघा), आणि सबरिपोर्ट (रिपोर्टच्या आत बसवलेला रिपोर्ट) किंवा ड्रिलथ्रू (क्लिक केल्यावर उघडणारा रिपोर्ट) जिथे पुढच्या रिपोर्टला पॅरामीटर दिलाय. सगळीकडून (0) काढा. नुसतं पॅरामीटर्स!तालुका.व्हॅल्यू ठेवा, पुढच्या रिपोर्टचा पॅरामीटर पण मल्टी-व्हॅल्यू असला पाहिजे. फिल्टरमधे ऑपरेटर बरोबरचा असतो तो बदलून इन (यादीतलं कोणतंही) करा, एका किमतीची, म्हणजे व्हॅल्यूची, अॅरेशी बरोबरी लावून चालत नाही.

डिफॉल्ट टिक होत नाही

ही पण फुकटातली तपासणी. डिफॉल्टची किंमत आणि यादीतली किंमत अक्षर न अक्षर जुळली पाहिजे, टाइपसकट. यादी कोडची आणि डिफॉल्टमधे नाव लिहिलंय हे मी दर वर्षी एकदा तरी बघतो. सगळं आधीच टिक पाहिजे असेल तर अव्हेलेबल आणि डिफॉल्ट दोघांना एकच डेटासेट द्या. तरी रिकामं राहिलं तर त्या डेटासेटमधे एखादी नल, म्हणजे काहीच न भरलेली, रांग आहे का बघा, मल्टी-व्हॅल्यू पॅरामीटरला नल चालत नाही आणि एका नल रांगेपायी बाकीच्या टिक पण जातात. यादीच्या क्वेरीत इज नॉट नल टाकलं की झालं.

लॅपटॉपवर बरोबर आणि सर्व्हरवर जुनंच दिसतं, त्याचं कारण वेगळं आहे: रिपोर्ट पुन्हा डिप्लॉय केला, म्हणजे सर्व्हरवर चढवला, तरी सर्व्हरवर पॅरामीटरच्या आधीच्या सेटिंग तशाच राहतात. सर्व्हरच्या वेब पेजवर त्या रिपोर्टच्या मॅनेजमधे जाऊन पॅरामीटर्समधे डिफॉल्ट हाताने बदला. रिपोर्ट डिलीट करून नव्याने टाकला तरी होतं, पण मग त्याच्यावरचे सबस्क्रिप्शन आणि परवानग्या पण जातात, म्हणून मी तसं करत नाही. उलटं असेल, म्हणजे सर्व्हरवर नवीन आणि तुमच्याकडे जुना डेटा, तर व्हिज्युअल स्टुडिओ प्रिव्ह्यूसाठी डॉट-आरडीएल-डॉट-डेटा नावाची फाईल करून ठेवतो, ती उडवा.

आता क्वेरी: टेक्स्ट आहे की प्रोसिजर

एक निवडलं की येतं, दोन निवडले की कोरा. हे ज्याच्यासाठी आले असाल ते इथे आहे. डेटासेट उघडा आणि क्वेरी टाइप बघा.

टेक्स्ट असेल तर रिपोर्टिंग सर्व्हिसेस तुमच्यासाठी एक काम गुपचूप करतं: इन (@तालुका) असं लिहिलंय तिथे @तालुका काढून निवडलेल्या सगळ्या किमती स्वल्पविराम लावून क्वेरीच्या मजकुरातच भरतं आणि मग ती क्वेरी डेटाबेसला पाठवतं. म्हणून टेक्स्टमधे इन चालतं. आणि म्हणूनच बरोबर @तालुका लिहिलं किंवा @तालुका इज नल ऑर असं काही लिहिलं की एका किमतीला चालतं आणि दोनला स्वल्पविरामाजवळ सिंटॅक्स एरर किंवा नॉन-बूलियनची एरर येते, कारण त्या जागी आता दोन किमती आणि मधे स्वल्पविराम येऊन बसलाय. तिथे इन आणि कंस टाका, इज नलचा तुकडा काढा, संपलं.

स्टोअर्ड प्रोसिजर असेल तर वरची मदत मिळत नाही. प्रोसिजरला सगळ्या किमती एकाच स्ट्रिंगमधे जातात, चोपडा,यावल,रावेर अशी एक लांब दोरी. प्रोसिजरच्या आत इन (@तालुका) लिहिलेलं असतं आणि डेटाबेस शोधत बसतो की "चोपडा,यावल,रावेर" या नावाचा तालुका कोणता. असा तालुका नाही. म्हणून कोरा. एररही नाही कारण चूक काही झालीच नाही, विचारलं तेच शोधलं. आणि एकच निवडला तर दोरीत एकच नाव, ते जुळतं. हे एकदा डोक्यात बसलं की हा बिघाड परत कधी घाबरवत नाही.

उपाय म्हणजे दोरी आत गेल्यावर तोडायची:

व्हेअर तालुका इन (सिलेक्ट व्हॅल्यू फ्रॉम स्ट्रिंग_स्प्लिट(@तालुका, ','))

स्ट्रिंग_स्प्लिट 2016 च्या एसक्यूएल सर्व्हरपासून आहे आणि डेटाबेसची कंपॅटिबिलिटी लेव्हल (कोणत्या व्हर्जनसारखं वागायचं ते) 130 किंवा वर लागते. सर्व्हर 2019 चा आहे तरी इनव्हॅलिड ऑब्जेक्ट नेम येतंय असा फोन आला की मी लेव्हलच विचारतो, जुन्या सर्व्हरवरून बॅकअप आणून रिस्टोअर केलेला असतो आणि लेव्हल जुनीच राहिलेली असते. ती लेव्हल स्वतः बदलू नका, त्याचं खाली सांगतो. तोपर्यंत किंवा 2014 आणि आधीच्या सर्व्हरवर तोडणारं एक छोटं टेबल-फंक्शन लिहावं लागतं, बऱ्याच डेटाबेसमधे ते कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं, आधी शोधा.

ही स्प्लिटची ओळ टाकून पण काम अर्धवट राहतं, आणि पुढचे तीन घोळ इथेच आहेत.

एक, लांबी. एका वितरकाकडे सिलेक्ट ऑल केलं की नंदुरबार आणि धुळ्याचं काहीच येत नव्हतं, जळगाव जिल्ह्याचं यायचं, त्यातही चोपडा नाही. यादी तिन्ही जिल्ह्यांची, जळगावचे 15 तालुके, धुळ्याचे 4, नंदुरबारचे 6, याच क्रमाने. प्रोसिजरमधे @तालुका एनव्हारचार(100) होता, म्हणजे जास्तीत जास्त शंभर अक्षरांची जागा. मी कागदावर मोजलं. जळगाव म्हणजे पाच, जामनेर सहा, आणि मुक्ताईनगर दिसायला सात अक्षरं पण कॉम्प्युटरला दहा, कारण उकार, हलंत, काना हे सगळे तो वेगळे मोजतो. पहिल्या चौदा तालुक्यांची, म्हणजे अमळनेरपर्यंतची, बेरीज 84, मधले स्वल्पविराम 13, झाले 97. अठ्ठ्याण्णवावा परत स्वल्पविराम, नव्व्याण्णवावा च, शंभरावा ओकार. दोरी "अमळनेर,चो" इथे तुटली. चो नावाचा तालुका नाही, आणि पुढचे दहा तर आतच गेले नाहीत. डेटाबेस यावर एक अक्षर बोलत नाही, पॅरामीटर लांब असला की गुपचूप कापून घेतो. एनव्हारचार(मॅक्स) केलं आणि पंचवीसच्या पंचवीस आले. आणि लांबी लिहायचीच राहिली, नुसतं एनव्हारचार, तर ती लांबी एक धरली जाते, मग एक तालुका निवडला तरी कोरा.

दोन, एनव्हारचारच्या जागी व्हारचार असेल तर देवनागरी नावांची आत गेल्यावर प्रश्नचिन्हं होतात. टेबलात जळगाव आणि हातात पाच प्रश्नचिन्हं, जुळणार कसं. इंग्रजीत नावं असतील तर हा दोष कधी दिसतच नाही, म्हणून बाहेरून आलेल्या डेव्हलपरच्या हे ध्यानात नसतं.

तीन, किमतीतच स्वल्पविराम. तालुक्यात नसतो पण मालाच्या नावात असतो, "10:26:26, 50 किलो" असं एका खताचं नाव आणि स्प्लिटने त्याचे दोन तुकडे केले. हे टाळायला व्हॅल्यूत कोड ठेवा आणि लेबलमधे नाव. माझं मत विचाराल तर नावं व्हॅल्यूत ठेवूच नका, कोड ठेवले की लांबी, देवनागरी, स्वल्पविराम, स्पेस सगळेच प्रश्न एकदम मिटतात, नवीन रिपोर्ट मी दुसऱ्या पद्धतीने करतच नाही.

कुठेतरी दोरी तुम्ही स्वतः जॉइन लावून पाठवताय आणि स्वल्पविरामानंतर स्पेस दिलीय, तर दुसऱ्या तालुक्यापासून प्रत्येकाच्या पुढे स्पेस येते आणि फक्त पहिला जुळतो. शून्याच्या कंसासारखंच लक्षण, कारण वेगळं. एलट्रिम लावा किंवा स्पेस काढा.

सगळे निवडले तरी बेरीज कमी

सिलेक्ट ऑल म्हणजे "फिल्टर नको" असं नाही हे आधी पक्कं करा, सिलेक्ट ऑल म्हणजे यादीत जेवढं आहे तेवढं. यादीत नाही ते येणार नाही. ज्या बिलात तालुका भरलेलाच नाही, नल आहे, ते बिल इनमधे कधीच येत नाही, कितीही टिक करा. यादीत आणि डेटात दोन्हीकडे इजनल लावून "नोंद नाही" असा एक तालुकाच करून टाका, म्हणजे तो दिसेल आणि कोणीतरी ती बिलं दुरुस्त पण करेल.

दुसरं आपल्याकडचं खास. मास्टरमधे (तालुक्यांच्या मूळ यादीत) मुक्ताईनगर आहे आणि जुन्या बिलांत एदलाबाद. मास्टरमधे अक्राणी आणि काउंटरवरच्या पोराने धडगाव टाकलंय, कारण गाव धडगावच आहे. कुठे शिंदखेडा कुठे सिंदखेडा, कुठे नंदुरबार कुठे नंदूरबार. हा पॅरामीटरचा दोष नाहीच, पण फोन "सिलेक्ट ऑल चालत नाही" म्हणूनच येतो. डेटात असलेल्या वेगळ्या नावांची एक डिस्टिंक्ट यादी काढा आणि मास्टरशेजारी ठेवा, जी जास्तीची दिसतील ती तुमची हरवलेली रक्कम.

एखादी किंमत निवडलीय का हे रिपोर्टमधे बघताना

म्हणजे रंग लावायचा, कॉलम लपवायचा, त्यासाठी "जळगाव निवडलंय का" असं एक्सप्रेशन. बहुतेक जण इनस्ट्र वापरतात, जॉइन करून त्यात जळगाव सापडतं का बघतात. एकाकडे विदर्भाच्या बॉर्डरचे ग्राहक पण होते, त्याने फक्त जळगाव जामोद निवडलं तर जळगावची रांग पण रंगली, कारण जळगाव जामोदमधे जळगाव आहेच. कोडला पण तेच, 1 शोधला तर 11 मधे सापडतो आणि 21 मधे पण. बरोबर पद्धत ही:

अॅरे.इंडेक्सऑफ(पॅरामीटर्स!तालुका.व्हॅल्यू, फील्ड्स!तालुका.व्हॅल्यू) > -1

ही पूर्ण किंमत जुळवते. पण टाइप पण जुळवते. पॅरामीटर टेक्स्ट आणि फील्ड आकडा असेल तर कधीच सापडणार नाही, आणि पॅरामीटर इंटिजर, टेबलात बिगइंट, तरीही नाही, दोन्ही 5 दिसतात पण डॉटनेटला ते वेगळे. फील्डला सीइंट किंवा सीस्ट्र लावून एकसारखं करा. इनस्ट्रच ठेवायचं असेल तर दोन्हीकडे दोन्ही टोकांना स्वल्पविराम लावून शोधा.

हेडरमधे पंचवीस नावांऐवजी "सर्व तालुके" छापायचं असेल तर पॅरामीटरचा काउंट आणि यादीच्या डेटासेटचा काउंटरोज सारखे आहेत का बघायचं, असतील तर "सर्व तालुके", नाहीतर जॉइन. डेटासेटचं नाव अवतरणात आणि कॅपिटल-स्मॉलसकट तेच. एक खाचखळगा इथे आहे, आयआयएफ (अट लावायचं फंक्शन) दोन्ही बाजू चालवून बघतो, म्हणून "काउंट एकपेक्षा जास्त असेल तर व्हॅल्यू(1)" असं लिहिलं तर एकच निवडल्यावर एरर येणारच, अट लावलेली असली तरी.

जिल्हा निवडला की त्याचे तालुके असं एकावर एक असेल तर जिल्ह्याचा पॅरामीटर यादीत वर पाहिजे, नाहीतर फॉरवर्ड डिपेंडन्सीची एरर. आणि तालुक्यांच्या क्वेरीत पण जिल्ह्याला इन पाहिजे, बरोबर नाही, जिल्हा पण मल्टी-व्हॅल्यू असतो हे विसरलेलं असतं.

दुसरी रिपोर्ट टूल वापरणाऱ्यांसाठी: क्रिस्टल रिपोर्ट्समधे पण पॅरामीटर अॅरेच असतो आणि टेक्स्ट असेल तर जॉइनच लावायचं. जॅस्परमधे क्वेरीत डॉलर-एक्स आणि महिरपी कंसात इन, कॉलम, पॅरामीटर असं लिहितात आणि पॅरामीटरचा क्लास कलेक्शन पाहिजे, आणि तिथे पॅरामीटर नल गेला तर तो कोरा न येता सगळाच डेटा आणतो, हे लक्षात ठेवा.

लॉग

इथपर्यंत सापडलं नाही, किंवा वापरणारा म्हणतो मी चार निवडले आणि तुम्हाला खात्री नाही, तर रिपोर्टसर्व्हर डेटाबेसमधे एक्झिक्युशनलॉग3 नावाचा व्ह्यू आहे, त्यातला पॅरामीटर्स कॉलम बघा. कोणी कधी कोणत्या किमती देऊन रिपोर्ट चालवला ते सगळं तिथे असतं, मल्टी-व्हॅल्यू असेल तर तेच नाव प्रत्येक किमतीसाठी परत-परत आलेलं दिसतं. देवनागरी असेल तर टक्क्याच्या चिन्हांची लांब रांग दिसते, ती डीकोड करावी लागते. शेजारी किती रांगा आल्या तो कॉलम आहे, तो शून्य आणि पॅरामीटर बरोबर असेल तर दोष बहुधा क्वेरीत किंवा प्रोसिजरमधे. नेहमीच्या सेटिंगमधे 60 दिवसांचाच लॉग राहतो, म्हणून दिवाळीचा रिपोर्ट होळीला शोधू नका. हा व्ह्यू फक्त वाचायचा, त्या डेटाबेसमधे काही बदलायचं नाही.

इथे थांबा

कंपॅटिबिलिटी लेव्हल बदलायची वेळ आली तर थांबा. एका रिपोर्टसाठी अख्ख्या डेटाबेसचं वागणं बदलतं, त्याच डेटाबेसवर बिलिंग चालतं, सीझनमधे काउंटर बंद पडला तर कोणाला परवडत नाही. हे डीबीएचं, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याचं, काम, बॅकअप घेऊन, रात्री.

प्रोसिजर उघडल्यावर आत क्वेरी स्ट्रिंग जोडून-जोडून बनवलीय आणि शेवटी एक्झेक केलंय, म्हणजे ती स्ट्रिंगच चालवलीय, असं दिसलं तर त्यात स्वतः अवतरण चिन्हं लावत बसू नका. निवडलेली किंमत सरळ क्वेरीत जोडली जात असेल तर त्यातून कोणी वाटेल ते चालवू शकतो, हा सुरक्षेचा प्रश्न आहे, जाणत्या माणसाकडून ती पूर्ण नव्याने लिहून घ्या.

तालुक्याऐवजी गावांची यादी असेल, हजाराच्या वर, आणि व्ह्यू रिपोर्ट दाबलं की सर्व्हर एरर येत असेल तर ती वेब सर्व्हरची मर्यादा आहे, एका फॉर्ममधे 1000 च्या वर कीज तो घेत नाही. वेब-कॉन्फिगमधे मॅक्स-एचटीटीपी-कलेक्शन-कीज वाढवून जातं, पण ती मर्यादा सुरक्षेसाठी घातलेली आहे आणि फाईल सर्व्हरची आहे, तुमची नाही. त्यापेक्षा आधी तालुका मग गाव असं करा, यादी आपोआप लहान होते. तरी वाढवायचीच असेल तर सर्व्हर सांभाळणाऱ्याने वाढवावी.

आणि ज्या रिपोर्टवरून जीएसटी भरला जातो, पतसंस्थेचं व्याज निघतं किंवा शेतकऱ्याचं पेमेंट होतं, त्याची प्रोसिजर लाइव्ह डेटाबेसवर एकट्याने बदलू नका, चूक कोरी आली तर बरं, चुकीचा आकडा आला तर महिनाभर कोणाला कळत नाही.

फोन करताना हे हातात ठेवा, म्हणजे समोरच्याचा आणि तुमचा अर्धा दिवस वाचतो: सर्व्हरचं व्हर्जन आणि कंपॅटिबिलिटी लेव्हल, चौकोनी कंसांच्या त्या टेक्स्टबॉक्सचा फोटो एक किंमत निवडून आणि एक तीन निवडून, लॉगमधली त्या वेळची पॅरामीटर्सची ओळ, आणि प्रोसिजरचा वरचा भाग जिथे पॅरामीटरचा टाइप आणि लांबी लिहिलीय.